टेकडीवरच्या वाटा कुणी केल्या?

मंडळी, आयर्लंडला पाहुणे येणार असे नक्की झाले की फोनवरच फर्मान सुटते, "ते मोहरचे कडे मात्र बघायचेच हं!" बघायचे, जरूर बघायचे. क्लेअर परगण्यातले ते कडे अटलांटिकमधून २१४ मीटरपर्यंत सरळसोट उठलेले आहेत आणि त्यांचे कौतुक खोटे नाही. पण डब्लिनहून तिकडे मोटारीने जायचे म्हणजे जायला तीन तास, यायला तीन तास. त्यात हवेने साथ दिली नाही तर पाहुण्यांना पांढऱ्या धुक्याकडे बोट दाखवून "कडे साधारण इथे असतात" असे सांगण्याची पाळी येते. म्हणून आम्ही घरात एक नियमच करून टाकला आहे. कडे नंतर. पहिल्या शनिवारी पाहुण्यांना न्यायचे ते किलायनीच्या टेकडीवर. समुद्र, डोंगर, झाडी, बेट, किल्लेवजा बुरूज, सगळे एका दुपारी बघून होते, लोकलने जाता येते आणि आत शिरायला तिकीट नाही. हा शेवटचा मुद्दा पुणेकर पाहुण्यांना विशेष भावतो.

निघण्यापूर्वी नावांचा एक छोटा वर्ग घ्यावा लागतो. पाटीवर जे लिहिले आहे ते वाचायचे नसते, हा आयर्लंडचा पहिला धडा. स्टेशनावर अक्षरे दिसतात 'डन लाओघायरे' अशी, म्हणायचे 'डन लीरी'. 'डॉलकी' दिसले तरी त्यातला 'ल' गिळून 'डॉकी' म्हणायचे. आणि किलिनी नव्हे हो, किलायनी! आमचे चिरंजीव इथल्या शाळेत आयरिश शिकतात, त्यामुळे या विषयात घरातला शेवटचा निकाल त्यांचा. तक्रार करायला आपल्याला तोंड नाही. 'ज्ञ' कसा म्हणायचा हे आपण अर्ध्या हिंदुस्थानाला अजून समजावतोच आहोत.

डार्ट म्हणजे इथली लोकल. ती १९८४ साली विजेवर धावू लागली, पण तिच्या खालचा रस्ता पुष्कळ जुना आहे. डब्लिन ते किंग्जटाऊन, म्हणजे आजचे डन लीरी, ही आगगाडी १८३४ च्या डिसेंबरात सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. म्हणजे ही तिची १९ वर्षांनी मोठी बहीण. पुढे डन लीरी ते डॉकी या तुकड्यावर १८४० च्या दशकात एक अजब गाडी होती. तिला इंजिनच नव्हते! रुळांच्या मध्ये एक लांबलचक नळी, नळीतली हवा पंपाने ओढून घ्यायची, त्या पोकळीच्या ओढीने नळीतला दट्ट्या पुढे सरकायचा आणि त्याला जोडलेली गाडी चढ चढून जायची. परतताना उतार होताच. १८५४ पर्यंत हा प्रकार चालला. आम्ही पेशाने इंजिनिअर, त्यामुळे या गाडीवर पाऊण तास सहज बोलू शकतो. पण आमच्या सौ.नी त्यावर कायमची बंदी घातली आहे, तेव्हा पुढे जाऊ.

डॉकी स्टेशन सुटले की गाडी एका छोट्या बोगद्यात शिरते. बोगदा संपतो आणि डाव्या हाताला एकदम किलायनीचा सगळा उपसागर उघडतो. खंडाळ्याचा बोगदा संपून दरी दिसली की डबाभर जो "अहाहा" उठतो ना, तोच इथेही उठतो, फक्त जरा हळू आवाजात. या किनाऱ्याची तुलना लोक इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराशी करत आले आहेत, म्हणून रस्त्यांना नावेसुद्धा तिकडचीच. एकाचे नाव सोरेंटो, दुसऱ्याचे विको. विको रोडची पाटी बघून ज्याला वज्रदंती आठवत नाही असा मराठी पाहुणा आम्हांला अजून भेटायचा आहे.

किलायनी स्टेशनवर उतरायचे आणि विको रोडने, मग पायऱ्यांनी चढत टेकडीवर जायचे. उंची म्हणाल तर अवघी १५३ मीटर. पर्वतीच्या दुप्पट म्हणा हवे तर. वाटा मात्र मोठ्या छान आहेत. काही गर्द झाडीतून जातात, काही उघड्या खडकावरून. वसंतात गॉर्सची पिवळी फुले अशी फुलतात की हळद सांडल्यासारखी टेकडी दिसते. वास थेट ओल्या खोबऱ्याचा! मात्र काटे हाताला लागण्याइतके जवळ, तेव्हा वास दुरूनच घ्यावा. पायाखालचा दगड ग्रॅनाईट, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या टेकडीपुढे आपला सह्याद्री अगदी पोरसवदा.

वर पोचले की दक्षिणेला उपसागराची कमान ब्रे हेडपर्यंत वळत गेलेली दिसते आणि तिच्या मागे शुगर लोफचे शिखर. त्याचा सुळका बघून मुले "ज्वालामुखी!" म्हणून ओरडतात. तो ज्वालामुखी नाही. तो गारेसारख्या कठीण क्वार्टझाईट दगडाचा डोंगर आहे. आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेला आणि हा राहिला. समोर डॉकी बेट, त्यावर नेपोलियनच्या धास्तीने बांधलेला गोल मार्टेलो बुरूज आणि एका जुन्या चर्चच्या भिंती. उत्तरेला डन लीरी बंदराचे दोन लांब दगडी हात, पलीकडे पूलबेगची दोन धुरांडी, त्यापलीकडे होथचे टोक. हवा अगदी स्वच्छ असली तर समुद्रापार वेल्सचे डोंगर. पाहुण्यांचे फोटो इथे काढून होतात. जवळच एक पायऱ्यापायऱ्यांचा दगडी मनोरा आहे. त्याच्या एकेका पायरीवर प्रदक्षिणा घालत वर जायचे, बेटाकडे तोंड करायचे आणि मनात इच्छा धरायची, अशी इथली पद्धत. आमच्या आईंनी कुणी न सांगता प्रदक्षिणा उजव्या बाजूने सुरू केल्या. देव कुठला ते मागाहून विचारले!

इतके झाले की बहुतेक मंडळी खाली चहाच्या ओढीने उतरू लागतात. आमचे म्हणणे असे की थोडे थांबावे आणि माथ्यावरच्या त्या उंच, पांढुरक्या स्तंभापाशी जावे. त्याला इथे ओबेलिस्क म्हणतात. दुरून तो कुणा सरदाराने हौसेने उभारलेला वाटतो. जवळ गेल्यावर त्यावर बसवलेली पाटी दिसते. पाटीचा मजकूर दोन ओळींत सांगण्याजोगा आहे. गेले वर्ष गरिबांना कठीण गेले, म्हणून या टेकड्यांवरच्या वाटा आणि हा स्तंभ जॉन मॅपस यांनी उभारला. खाली महिना आणि साल, जून १७४२.

म्हणजे आपण ज्या वाटांनी फिरायला आलो, त्यांची सुरुवात दुष्काळी कामाची आहे!

ते कठीण वर्ष कसले, तेही सांगतो. आयर्लंडचा दुष्काळ म्हटला की सगळ्यांना १८४५ नंतरचा बटाट्याच्या रोगाचा आठवतो. त्याच्याआधी शंभर वर्षे एक तितकाच भयंकर दुष्काळ होऊन गेला. १७३९ च्या डिसेंबराच्या शेवटी युरोपात अशी थंडी पडली की नद्या गोठल्या. इथल्या गोरगरिबांचे हिवाळ्याचे अन्न म्हणजे बटाटा. तो शेतात आणि मातीच्या ढिगात साठवलेला असायचा, तो जागच्या जागी गोठून नासला. बियाण्यालाही उरला नाही. पुढे वसंतात पाऊस नाही, गुरे मेली, धान्य महागले, मागोमाग रोगराई आली. त्यातले १७४१ हे साल आयरिश भाषेत 'ब्लिअन अन आर', म्हणजे कत्तलीचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. तेव्हा या बेटाची वस्ती सुमारे २४ लाख. त्यातले ३ लाखांहून अधिक माणसे गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. वस्तीच्या प्रमाणात बघितले तर हा दुष्काळ पुढच्या मोठ्या दुष्काळाच्या तोडीचा होता. एकट्या मॅपसनेच काम काढले असे नाही. किल्डेअर परगण्यात कॅथरीन कॉनोली या जमीनदारीणबाईंनी १७४० साली असाच एक प्रचंड स्तंभ कमानींसकट बांधून घेतला, तोही भुकेल्या लोकांच्या हातांना काम म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात या पाटीपाशी आम्ही आमच्या एका स्नेह्यांच्या आईंना घेऊन गेलो होतो. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना आक्का म्हणतात, आम्हीही म्हणतो. वर येताना आम्ही चाळिशीतले लोक दोनदा 'सीनरी बघायला' थांबलो. आक्का नऊवारीवर लेकाचे जाकीट घालून आणि पायांत नातवाचे बूट अडकवून न थांबता वर आल्या. लेकाने पाटी वाचून मराठीत सांगितली. आम्हांला वाटले, त्या म्हणतील, "पुण्याचं काम केलं." तर त्यांनी विचारले, "आन् हाजरी कोण घ्यायचं?"

आम्ही सगळे गप्प.

"मजुरांची नावं हायेत का दगडावर?"

नाहीत, लेक म्हणाला. मालकाचे तेवढे आहे.

"मालकाचं असायचंच," आक्का म्हणाल्या आणि पाटीखालच्या कट्ट्यावर टेकल्या.

मग समुद्राकडे पाठ करून त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. लग्न होऊन दोन वर्षे झालेली, पदरी एक तान्हे मूल. विहिरी आटलेल्या, बैल विकलेले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. बारीक खडीचे ढीग लावायचे, ब्रासवर माप. पहिले आठ दिवस हातोडी दगडापेक्षा बोटावर जास्त. मूल बाभळीच्या सावलीला झोळीत. खायला परदेशातून आलेली लाल मिलो, जिची भाकरी थापली की तुटायची, आणि कामावर वाटलेली सुकडी. पुढे गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले, तिथे माती वाहिली. एक गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली. कामावर मुकादम रोज सकाळी मस्टर उघडून हजेरी घ्यायचा. "लग्नापास्नं मला समदी अमक्याची सून म्हणायची. मुकादमानं माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आसं समदं पुकारलं. म्या म्हटलं, ही कोण बया? मग ध्यानात आलं, मीच की!"

मंडळी, आम्ही शिकलो सवरलो, परदेशात मास्टर्स केले, आयुष्यभर ड्रॉइंगे तपासली. पण त्या पाटीत काय लिहायचे राहून गेले, ते ओळखायला शाळेचे तोंड न पाहिलेली आक्का लागली. वाट कुणी केली याचे उत्तर दगडावर एक असते आणि मस्टरवर दुसरे असते.

या दोन दुष्काळांच्या मध्ये पुष्कळ काही घडले आणि त्यात आयर्लंड आणि आपला मुलूख एकाच सूत्रात ओवलेले आहेत. १८४५ नंतर इथला बटाटा रोगाने गेला तेव्हा सरकारने रस्त्यांची कामे काढली. १८४७ च्या वसंतात त्या कामांवर ७ लाखांहून अधिक माणसे होती. कामाचा फायदा कुणा एका जमीनदाराला होता कामा नये, असा दंडक होता. ऐकायला न्यायाचा, पण परिणाम काय झाला? शेतात चर खणणे, निचरा करणे यासारखी उपयोगाची कामे मागे पडली आणि माळावर, दगडांतून रस्ते निघाले. त्यांतले काही कुठेच पोचत नाहीत. पश्चिमेकडे गेलात तर ते दुष्काळी रस्ते आजही दाखवतात. उपाशी माणसाला मापावर मजुरी, तीही उशिरा हातात पडणारी. तो हातोडी उचलणार कशी? शेवटी सरकारला कामे गुंडाळून सूपची केंद्रे उघडावी लागली आणि १८४७ च्या उन्हाळ्यात ३० लाख लोक त्या सूपवर जगले. या कारभाराची सूत्रे लंडनच्या तिजोरी खात्यात ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले होते आणि १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले.

त्यानंतरचा आपला १८७६-७७ चा दुष्काळ. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरवली ती एक रत्तल धान्य आणि वर एक आणा. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला एक रत्तल! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आक्कांच्याच भागातला म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा, तलाव त्या दुष्काळातल्या कामातून उभा राहिला. आजही लोक तिथे पाणी बघायला जातात. इथे लोक समुद्र बघायला येतात तसेच.

बहात्तरला फरक पडला तो इथे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हाल झाले, गुरे गेली, माणसे मुंबई-पुण्याला पांगली. पण १८७६ सारखी माणसे रस्त्यावर मरून पडली नाहीत. वि. स. पागे यांनी १९६५ पासून सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग चालवला होता. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. तेच रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर आले. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. आपल्यापैकी ज्यांनी मुंबई-पुण्यात दोन-चार वर्षे नोकरी केली असेल त्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर ती छोटीशी कपात पाहिली असेल आणि कुरकुरही केली असेल. ती अशी खेड्यातल्या मस्टरवर पोचत होती. २००५ साली याच धर्तीवर सबंध देशासाठी कायदा झाला.

मॅपसची नियत चांगली होती यात आम्हांला शंका नाही. वाईट वर्षी त्याने घरात बसून दार लावले नाही, एवढे तर स्तंभ सांगतोच. पण त्या वर्षी टेकडीखालच्या माणसाला काम मिळाले ते मालकाला वाटले म्हणून. वाटले नसते तर? दान आणि हक्क यांत एवढेच अंतर आहे आणि ते पार करायला १७४२ ते १९७७ लागले.

टेकडीची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. या वाटा ज्यांनी केल्या त्यांच्यासाठी त्या नव्हत्या. त्या मालकाच्या इस्टेटीतल्या होत्या. १८१७ पासून शेजारच्या डॉकी टेकडीचा अर्धा भाग सुरुंगांनी फोडून डन लीरीच्या बंदरात नेला. त्याला कारणही मोठे दुःखाचे. १९ नोव्हेंबर १८०७ च्या रात्री 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रॉचडेल' ही दोन जहाजे याच किनाऱ्यावर वादळात फुटली आणि सुमारे ४०० माणसे बुडाली. त्यानंतर वादळात आसरा घ्यायला बंदर हवे ही मागणी जोर धरू लागली. दगड खाली न्यायची युक्ती आम्हां इंजिनिअरांना फार आवडते. भरलेल्या वाघिणी उताराने खाली सुटायच्या आणि साखळीने रिकाम्या वाघिणींना वर ओढायच्या. इंधन शून्य! रुळांची ती वाट आता 'द मेटल्स' या नावाने पायी चालणाऱ्यांना खुली आहे. खाणकामगार मात्र डॉकीच्या माळावर झोपड्या घालून राहत. आज त्याच डॉकीत घरांच्या किमती विचारायचीसुद्धा सोय नाही.

शेवटी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने, किलायनीची टेकडी सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. स्तंभ उभा राहिल्यापासून १४५ वर्षांनी! आमच्या कन्येने हा हिशेब तोंडी केला आणि म्हणाली, "मग ज्यांनी वाट बनवली त्यांच्या नातवंडांना पण फिरता आलं नसेल?" नसावे. तिच्या पुढच्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. "आक्काआजीच्या तलावावर तिची नातवंडं जातात का?" लेकाने मान खाली घातली. त्याची मुले चार वेळा गावी गेली, तलावावर एकदाही गेली नाहीत. उन्हातान्हात कुठे न्यायचे, असे दर वेळी झाले. आक्का काही बोलल्या नाहीत. उतरताना त्या एका पायरीपाशी वाकल्या, कडेचा दगड बुटाने दाबून पाहिला आणि लेकाला म्हणाल्या, "बघ, पाणी कसं बाजूला काढलंय. आसं केलं तर भराव वाहात न्हाई. आमच्या तलावाला बी आसंच पिचिंग हाय. ये बघायला." गेल्या नाताळात तो सगळ्यांना घेऊन गेला. तलावात पाणी होते, असे त्याने कळवले.

म्हणून ही आमची आग्रहाची सूचना. आई-वडील, सासू-सासरे इथे दोन-तीन महिन्यांसाठी येतात. आपण कामावर, मुले शाळेत, त्यांचे दिवस खिडकीपाशी आणि मराठी मालिकांपाशी. शनिवारी आपण त्यांना एक 'पॉइंट' दाखवतो, फोटो काढतो, परत आणतो. या उन्हाळ्यात त्यांना किलायनीला न्या, त्या पाटीचा अर्थ सांगा आणि मग विचारा, "बहात्तर साली तुम्ही कुठे होतात?" प्रत्येकाने खडी फोडली असेल असे नाही. कुणी रेशनच्या रांगेत असेल, कुणी ओव्हरसियर असेल, कुणी मुकादमाच्या शेजारी बसून मस्टर लिहिणारा कारकून. कुणी मुंबईच्या चाळीत असेल आणि गावाकडून आलेली चार माणसे त्यांच्या खोलीत झोपत असतील. मुलांना शेजारी बसवा. त्यांनी शाळेत इथला मोठा दुष्काळ शिकलेला असतो, त्यावर निबंध लिहिलेले असतात. घरातला दुष्काळ मात्र त्यांना कुणी सांगितलेला नसतो. सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ऐकलेले लिहून ठेवा, नावांसकट. जमले तर आम्हांलाही पाठवा.

आता जाता जाता व्यवहाराचे. किलायनी स्टेशनला उतरून चढावे आणि परतताना खाणीच्या बाजूने डॉकीला उतरावे, म्हणजे एकच वाट दोनदा होत नाही. खाणीच्या उभ्या कातळावर दोर लावून चढणारी मंडळी दिसतील, मुलांचा अर्धा तास तिथे मजेत जातो. डॉकी टेकडीवर टोर्का कॉटेज आहे. बर्नार्ड शॉ लहानपणी काही वर्षे तिथे राहत असत. पावसाळी जाकीट जूनमध्येसुद्धा घ्यावे. बूट तळ धरणारे असावेत, ओला ग्रॅनाईट निसरडा होतो. कुणाला ब्रे ते ग्रेस्टोन्स ही कड्यावरची वाट खुणावत असेल तर आधी चौकशी करावी, कारण २०२१ साली दरडी कोसळल्याने ती बंद करावी लागली होती. ती वाटही मूळची रेल्वे बांधणाऱ्या मजुरांच्या जाण्यायेण्याचीच बरं का!

शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. वारा फार असतो, पातळ भाजी नेऊ नये. बाकी भेटू पुढच्या अंकात.